आनंदीबाईला लेडी मॅकबेथ म्हणावं का?

प्रश्न : शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ वाचलं, मग मूळ ‘मॅकबेथ’ही. सुरुवातीला नवरा कचरतो, बायको त्याला खुनाला प्रवृत्त करते. शेवटी तो निर्ढावतो आणि ती झोपेत चालत हात चोळते. हे उलटं कसं झालं? आणि आमच्या आनंदवल्लीची आनंदीबाई तशीच होती का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : उलटं झालं असं वाटतं खरं, पण बीज पहिल्या अंकातच आहे. मॅकबेथला खुनाच्या आधीच सगळं दिसतं: राजा आपला पाहुणा, आप्त, वर भला माणूस. केल्याचे भोग इथंच भोगावे लागतील, हेही त्याला कळतं. बाईंना दिसते ती फक्त एक रात्र. रक्त पाण्यानं धुतलं की संपलं, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे तो प्रत्येक भीतीवर नवा खून हा उतारा काढत जातो आणि त्या धावपळीत त्याचं मन बधिर होतं. तिच्या हाती मात्र काहीच काम उरत नाही. आठवण तेवढी उरते.

माझ्या मते खरी शोकांतिका त्यांच्या संसाराची आहे. आरंभी तो रणांगणावरून तिला पत्र लिहितो, चेटकिणींचं भाकीत सगळ्यांत आधी तिला कळवतो. तिसऱ्या अंकात तिलाच नवऱ्याला भेटायला नोकराकरवी निरोप धाडावा लागतो! आपला सोबती बँको याच्या खुनाचा बेत तो तिला सांगतही नाही. ती गेल्याची बातमी येते तेव्हा धड रडायलाही त्याला सवड नसते. एकत्र केलेल्या पापानं ती दोघं जवळ यायला हवी होती, निदान तिचा तोच समज असणार.

आता आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारलं. त्याचे काका आणि आनंदीबाईंचे पती राघोबादादा तेव्हा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. ते पेशवे झाले. पत्रात ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला ही कथा घरोघरी ठाऊक आहे, पण तसा पुरावा नाही. राघोबांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते रामशास्त्री प्रभुण्यांनी. म्हणजे मॅकबेथच्या मनात जे न्यायासन बसलं होतं, ते पुण्यात प्रत्यक्ष बसलेलं होतं. मनातलं मात्र आपल्याला वाचता येत नाही. या नवराबायकोंना रात्री झोप लागत होती की नाही, हे कोणता कागद सांगणार? दिसते ती धडपड: बारभाईंचा विरोध, १७७५ चा इंग्रजांशी सुरतेचा तह, १७८२ च्या सालबाईच्या तहानं मिळालेली नेमणूक आणि १७८३ मध्ये कोपरगावी राघोबांचा मृत्यू.

त्यामुळे लेडी मॅकबेथ हे नाव मी आनंदीबाईंना लावणार नाही. लेडी मॅकबेथ नवऱ्याआधी खचून मेली. आनंदीबाई नवऱ्यामागे दहा वर्षं जगल्या, तीही नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात. १७९४ मध्ये आनंदवल्लीलाच त्यांनी देह ठेवला. ज्या गादीसाठी एवढं झालं, तिच्यावर त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव बसला तो १७९६ मध्ये.