क्रॉफर्ड मार्केट बघा, पण गाळेवाल्याच्या नजरेने

घणसोली गावात गाळा बघताय? डिपॉझिट देण्याआधी एक दिवस क्रॉफर्ड मार्केटला द्या. घणसोलीहून वाशी, तिथे गाडी बदलून सीएसएमटी, पुढे चालत दहा-पंधरा मिनिटं.

ही इमारत 1869 ची. आराखडा विल्यम इमर्सनचा, दगडातली शिल्पं लॉकवुड किपलिंगची. नाव पडलं मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं. आता अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. फोटो काढा, पण आपलं काम वेगळं आहे.

मुंबईचा घाऊक फळबाजार इथेच भरायचा. मार्च 1996 मध्ये तो आपल्या नवी मुंबईत, एपीएमसीत आला. विचार करा, ज्या धंद्यावर मंडई उभी होती तोच उठून गेला. तरी मंडई चालू राहिली, कारण किरकोळ गिऱ्हाईकाची पावलं तिकडे वळायची सवय मोडली नाही. आज तिथे फळांच्या सोबतीला सुकामेवा, इम्पोर्टेड चॉकलेट, मसाले, कॉस्मेटिक्स, केकचं सामान असं सगळं मिळतं. चॉकलेट घ्यायला आलेली बाई जाता जाता बदामही घेते. एकाच प्रकारची चार दुकानं शेजारी असली तरी कुणी रडत नाही, कारण गिऱ्हाईक तुलना करायलाच येतं.

आता घणसोली. इथे एकट्या गाळ्याला ही तयार गर्दी मिळणार नाही, ती तुम्हाला आणावी लागेल. म्हणून हिशोब आधी करा. समजा भाडं 18,000 आणि मालावर सुटतात 20 टक्के. म्हणजे फक्त भाड्यासाठी महिन्याला 90,000 ची विक्री हवी. 26 दिवस दुकान उघडं धरलं तर रोज साधारण 3,460. सरासरी बिल 150 चं असेल तर रोज 23-24 बिलं. यात लाईटबिल नाही, पोरग्याचा पगार नाही, तुमची मजुरी तर नाहीच! लोक नेमकं हेच विसरतात आणि सहा महिन्यांत डिपॉझिटमधून भाडं वळतं करायची वेळ येते.

मार्केटमध्ये वही घेऊन जा. एकच गाळा निवडा, समोर अर्धा तास थांबा. किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी घेतलं, एवढंच लिहा. मालकाशी बोलायचं असेल तर आधी काहीतरी विकत घ्या, पाव किलो खजूर का होईना. मग विचारा, "शेठ, कुठला माल पडून राहतो?" काय खपतं ते कुणीही सांगेल, काय पडून राहतं ते समजलं तर तुमचे पैसे वाचतील. रविवार टाळा, सकाळी लवकर जा, दुपारी कुणाला बोलायला वेळ नसतो.

परत आल्यावर हीच मोजणी घणसोलीतल्या तुमच्या गाळ्यासमोर करा. एकदा मंगळवारी, एकदा रविवारी, संध्याकाळी सात ते नऊ. 23 बिलांचा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. गाळामालकाला "दोन दिवसांत सांगतो" म्हणा. तो घाई करत असेल तर का करतोय, तेही शेजारच्या दुकानदाराला विचारा.