मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील दोन गोळ्या

मूत्रपिंडाचा कर्करोग अन्यत्र पसरला, म्हणजे केवळ शस्त्रक्रियेने भागत नाही. सुनिटिनिब व पाझोपानिब या गोळ्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देता तिची रसद तोडतात. १११० रुग्णांवरील तुलनेचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला: रोग आवरण्यात पाझोपानिब उणे ठरले नाही. सुनिटिनिबने थकवा व तळहात-तळपायांची आग अधिक. पाझोपानिबने यकृतास उपद्रव अधिक. पुढील चाचणीत औषधाचे नाव न कळविता दोन्ही गोळ्या आळीपाळीने देऊन रुग्णांचीच पसंती विचारली. शेकडा ७० जणांनी पाझोपानिब निवडले. (खर्च त्याच्याच उत्पादकांचा होता, हेही व्यापाऱ्याने ध्यानी घ्यावे.) तरीही रुग्णाला विचारले गेले, याचे आम्हांस मोल वाटते. घरातील वडील मंडळी थकव्याची तक्रार डॉक्टरांपाशी बोलत नाहीत. ती मुलासुनांनी सांगावी. आता प्रथमोपचारात बहुधा प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे असतात. परंतु या गोळ्या बाद झालेल्या नाहीत.