कोड न येणाऱ्याने सॉफ्टवेअरला हातभार कसा लावावा?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो,

आमच्या पेढीवर येणारी तरुण मुले हल्ली एक प्रश्न विचारतात. "चाचा, एआयकडून कोड लिहून घेतला तर आम्हांलाही ओपन सोर्समध्ये काम करता येईल का?" आम्ही कापडवाले. शिक्षण उर्दू शाळेत झाले, कोडचे अलिफ-बे आम्हांस येत नाही. तरीही या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या धंद्यातच आहे, असे आमचे मत आहे.

एखादा विणकर साडी विकतो. दुसरा साडीबरोबर जेकार्डची पंच केलेली कार्डेही देतो आणि म्हणतो, हीच नक्षी विणा, हवी तर बदला, दुसऱ्यालाही द्या. ओपन सोर्स म्हणजे हा दुसरा विणकर. त्यात सॉफ्टवेअरबरोबर त्याचा मूळ कोडही सर्वांना खुला असतो.

मशीनवर भरतकाम करणाऱ्यांसाठी इंकस्टिच नावाचे असे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या आत चालते आणि चित्राचे टाके बनवून मशीनला समजेल अशी डीएसटी किंवा दुसरी फाइल देते. होजिअरीच्या कापडावर गोल नक्षी भरली की टाके कापडाला ओढतात आणि गोलाचा अंडाकार होतो, हे प्रत्येक कारागीर जाणतो. ही ओढ भरून काढण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर गोल हा गोलच दिसतो. कोणत्या कापडावर किती ओढ धरावी, हे मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसालाच कळते.

म्हणून बिघाड आढळला तर कापड कोणते, धागा कोणता, सुई कितीची, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, आपण काय केले आणि काय झाले, हे क्रमाने मराठीत किंवा उर्दूत लिहावे. त्याचे इंग्रजी एआय करून देईल. सोबत नक्षीची फाइल आणि भरलेल्या तुकड्याचा फोटो द्यावा. अशी तक्रार कोड लिहिणाऱ्याच्या खरोखर कामाची असते. वापराच्या सूचना आपल्या भाषेत आणणे, हेही काम तितकेच मोलाचे आहे.

येथे आमची एक चूक सांगतो. हिशेबाच्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये अडीच मीटरच्या तुकड्याची रक्कम चुकत होती. आम्ही एआयला दोन ओळी सांगितल्या, त्याने झकास दोन पाने लिहून दिली. पाठवणारच होतो, इतक्यात भाच्याने विचारले, "मामू, यात लिहिलेले हे बटन कुठे आहे?" ते बटन कुठेच नव्हते! एआयने ते मनाने घातले होते. ताका न उलगडता माल पाठवण्यासारखेच हे झाले.

असा माल दुसऱ्याला किती महाग पडतो, ते पाहा. इंटरनेटवर माहितीची ने-आण करणारे कर्ल हे सॉफ्टवेअर स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग सांभाळतात. सुरक्षेतील दोष दाखवणाऱ्यास इनाम देण्याची त्यांची योजना २०१९ पासून होती. पुढे एआयने लिहिलेल्या खोट्या तक्रारींचा ढीग पडू लागला. प्रत्येक तक्रार खरी धरून तपासण्यात मोजक्या माणसांचे तासन् तास गेले. शेवटी जानेवारी २०२६ च्या अखेरीस त्यांनी इनाम बंद केले. खरा दोष शोधणाऱ्यांचेही त्यात नुकसान झाले.

यामुळे ज्याचे त्याचे नियम निराळे आहेत. जेंटू या लिनक्स प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये एआयने बनवलेले काम घेण्यास मनाई केली. फेडोराने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे काम मान्य केले, परंतु एआयची मदत घेतल्याचे सांगावे आणि जबाबदारी पाठवणाऱ्याची राहावी, असे ठरवले. म्हणून आधी त्या त्या ठिकाणचा दस्तूर वाचावा.

एआयने कोडमधील दुरुस्ती सुचवली, तर ती आपल्या संगणकावर चालवून, त्या फाइलवर तुकडा भरून पाहावा. ती का केली, हे आपल्या शब्दांत सांगता येत नसेल तर कोड पाठवू नये, फक्त तक्रार पाठवावी. आणखी एक. तक्रारीबरोबर गिऱ्हाईकाची नक्षी देऊ नये. तेथे ठेवलेली फाइल जगाला दिसते आणि परत घेता येत नाही. त्यासाठी साधा गोल किंवा चौकोन काढून तोच दोष दाखवावा.