आधी यंत्र उलटं करून बघा

टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. नाशिकच्या शालिमारजवळच्या माझ्या टेबलावर हल्ली टीव्हीपेक्षा जुनी प्लेस्टेशन जास्त येतात. कोणी माळ्यावरून काढलेलं आणतं, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं, तर कोणाच्या मामाने परदेशातून येताना बॅगेत घालून आणलेलं. ‘काका, लेन्स गेलीये, बदलून द्या,’ असं म्हणतच पोरं पिशवी उघडतात. यातल्या कितीतरी यंत्रांची लेन्स ठणठणीत असते. यंत्र एका देशाचं, डिस्क दुसऱ्या देशाची आणि विजेचा दाब तिसराच, एवढाच काय तो घोळ असतो. पण तो माहीत नसल्यामुळे लोक दुरुस्तीवर पैसे घालत राहतात आणि त्या दुरुस्तीतच चांगलं यंत्र मरतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

अंजनेरीच्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. मामाने न्यू जर्सीहून आपलं जुनं प्लेस्टेशन 2 त्याला दिलं. सोबत आलेल्या डिस्क व्यवस्थित चालत होत्या. मग त्याने हौसेने ‘हनुमान: बॉय वॉरियर’ची डिस्क मिळवली. 2009 साली निघालेला हा गेम हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवला आणि सोनीच्या युरोप शाखेने बाजारात आणला. ज्याच्या दारातून अंजनेरीचा डोंगर दिसतो आणि हनुमान आपल्याच गावचा ही भावना ज्याच्या रक्तात आहे, त्याला या डिस्कचं किती अप्रूप असेल! त्याने ती आत घातली, तर पडदा लाल झाला आणि प्लेस्टेशनची डिस्क घाला अशी इंग्रजी ओळ आली. विकणाऱ्याने डिस्क बदलून दिली, पुन्हा लाल. एका दुकानात लेन्स बदलली, तरी लाल. कोणीतरी सुचवलं म्हणून डिस्कची कॉपी मारून आणली, ती घातल्यावरही लाल. शेवटी एकाने ‘चिप बसवतो, मग जगातली कुठलीही डिस्क चालेल’ असं सांगून यंत्र उघडलं. केसाएवढ्या वायरी जाड सोल्डरिंग गनने डकवल्या आणि त्या नादात बोर्डावरचे ट्रॅक उचकटले. पोरगं माझ्याकडे आलं तेव्हा मामाच्या चालू डिस्कसुद्धा बंद पडल्या होत्या.

मी यंत्र उलटं केलं. खालच्या स्टिकरवर एससीपीएच आणि पुढे पाच आकडे होते, त्यातला शेवटचा 1. म्हणजे यंत्र अमेरिकेचं. हनुमानाच्या डिस्कवरचा क्रमांक एससीईएस या अक्षरांनी सुरू होतो. म्हणजे डिस्क युरोपच्या गटातली, आणि भारत सोनीने त्याच गटात धरलेला. या दोघांचं कधीच जमणार नव्हतं, आणि ते कळायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. भारतात बनलेला, आपल्या मातीतला गेम, पण अमेरिकेहून आलेलं यंत्र तो नाशिकमध्येही चालवत नाही. देशानुसार डिस्क अडवणाऱ्या या कुलपाची व्यवस्था ज्यांनी केली त्यांना किमती आणि विक्रीच्या तारखा देशोदेशी वेगळ्या ठेवायच्या होत्या. गिऱ्हाइकाच्या सोयीचा त्यात काडीचाही विचार नव्हता, हे माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या लोकांना हे कुलूप अनोळखी वाटतं याला कारण आहे. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आले ते बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकलेचे टीव्ही गेम. त्यात कुठलीही कुलपाची चिप नव्हती, खाचेत बसेल ती कॅसेट चालायची. सीडीवाली यंत्रं आल्यावर खेळ बदलला.

पहिलं प्लेस्टेशन डिसेंबर 1994 मध्ये जपानात आणि सप्टेंबर 1995 मध्ये अमेरिका-युरोपात आलं. त्याच्या डिस्कची खालची बाजू काळी असते. तो काळा रंग म्हणजेच कुलूप, असं सांगणारे अजूनही भेटतात, आणि काळ्या पाठीच्या कोऱ्या सीडी त्याच समजुतीवर महाग विकल्या गेल्या. लेन्समधला किरण इन्फ्रारेड असतो, तो काळ्या प्लॅस्टिकमधून आरपार जातो. खरं कुलूप डिस्कच्या आतल्या कडेला आहे. तिथल्या वर्तुळाकार मार्गाला कारखान्यातच बारीकशी लहर दिलेली असते आणि त्या लहरीत चार अक्षरं दडवलेली असतात. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. यंत्र सुरू होताना आधी ही अक्षरं वाचतं, आपली असली तरच पुढे जातं. घरच्या रायटरला ही लहर उमटवता येत नाही, कारण कोऱ्या सीडीवर मार्ग आधीच आखून आलेला असतो. म्हणून कॉपी कितीही स्वच्छ निघाली तरी मूळ यंत्रात ती चालत नाही. परदेशी डिस्क आणि कॉपी केलेली डिस्क ही दोन दुखणी वेगळी, पण पहारेकरी एकच. प्लेस्टेशन 2 मध्ये पद्धत बदलली, तत्त्व तेच राहिलं. आमच्या अंजनेरीच्या मुलाने कॉपी मारून आणली तेव्हा आधीच्या एका अडचणीत दुसरीची भर पडली होती.

लाल पडदा दिसला की लगेच लेन्सवर खापर फोडू नका. यंत्राच्याच देशाची एक मूळ डिस्क मिळवून घाला. ती चालली तर लेन्सला हात लावायचं कारण नाही. प्लेस्टेशन 2 मध्ये सीडी आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे किरण असतात, म्हणून निळ्या पाठीची सीडी आणि चंदेरी पाठीची डीव्हीडी दोन्ही घालून बघा, एखादाच किरण मंदावलेला असू शकतो. सिनेमाच्या डीव्हीडीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. आपल्या हिंदी-मराठी सिनेमांच्या बऱ्याच डीव्हीडी सगळ्या देशांसाठी खुल्या असतात, त्या अमेरिकी यंत्रातही लागतात. ‘सिनेमा चालतो मग गेम का नाही,’ या प्रश्नापायीच पुष्कळ लोक खराब डिस्क समजून दुकानदाराशी भांडतात.

स्टिकरवरच्या शेवटच्या आकड्याचं एवढं ध्यानात ठेवा: प्लेस्टेशन 2 वर 0 जपान, 1 अमेरिका, 3 ब्रिटन, 4 युरोप, 6 हाँगकाँग-सिंगापूर. दुबईच्या दुकानातून रीतसर घेतलेलं यंत्र सहसा आपल्याच गटातलं निघतं. सिंगापूरहून आलेलं जपानच्या गटात मोडतं, त्यामुळे अंतर जवळचं म्हणून निश्चिंत राहू नका. डिस्कच्या कडेवर एसएलयूएस किंवा एससीयूएस असेल तर ती अमेरिकी, एसएलईएस किंवा एससीईएस असेल तर युरोपची आणि आपली, एसएलपीएस किंवा एसएलपीएम असेल तर जपानी.

आता विजेचं. यात यंत्र एका क्षणात जातं. पहिल्या प्लेस्टेशनला मागे जी आठच्या आकड्याची वायर लागते, ती आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या वायरीसारखीच. घरात पडलेली वायर बरोबर बसते, म्हणून माणूस बिनधास्त लावतो. अमेरिकेचं यंत्र 120 व्होल्टचं, जपानचं 100 व्होल्टचं. आपले 230 व्होल्ट आत जाऊन सरळ झाले की सव्वातीनशेच्या आसपास पोहोचतात, आणि त्या यंत्रातला मोठा कपॅसिटर 200 व्होल्टसाठी बनवलेला असतो. ‘फट्’ असा आवाज, जळका वास, आणि खेळ संपला. दहा-वीस रुपयांची कन्व्हर्टर पिन फक्त पायांचा आकार बदलते, दाब नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अशा यंत्राला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. पहिल्या प्लेस्टेशनला 50 वॉटचा पुरतो, जाड्या प्लेस्टेशन 2 ला 100 वॉटचा घ्या. ही कटकट नको असेल तर छोटं गोल कडांचं पीएस वन घ्या. त्याला बाहेरचा साडेसात व्होल्टचा अडॅप्टर असतो, तो इथला लावला की झालं. बारीक प्लेस्टेशन 2 मधल्या सत्तर हजारी क्रमांकांनाही असाच बाहेरचा अडॅप्टर असतो, साडेआठ व्होल्टचा.

टीव्हीचं दुखणं आता पूर्वीइतकं राहिलं नाही. अमेरिका-जपानचं चित्र सेकंदाला 60 वेळा येतं, आपलं पाल पद्धतीचं 50 वेळा. जुन्या एकपद्धती टीव्हीवर असं चित्र काळं-पांढरं तरी दिसायचं किंवा वरखाली धावायचं. आजचे एलसीडी दोन्ही घेतात. एवढं मात्र सांगतो, युरोपच्या डिस्कमधले कितीतरी जुने गेम सुमारे सतरा टक्के संथ पळतात, तेव्हा तुमच्या यंत्राला दोष देऊ नका.

कॉपीबद्दल मी गिऱ्हाइकांशी नेहमी मोकळेपणाने बोलतो. फुटपाथवरच्या पाकिटातली डिस्क घेऊ नका. स्वतःच्या मालकीच्या डिस्कची राखीव प्रत ही वेगळी गोष्ट. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 खाली, संगणक प्रोग्रॅम ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला हरवण्या-खराब होण्यापासून संरक्षण म्हणून प्रत काढायची मुभा दिली आहे. पण 2012 च्या दुरुस्तीने कलम 65अ आलं. हक्कभंग करण्याच्या इराद्याने संरक्षणाचं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘घरात मूळ डिस्क आहे’ आणि ‘मित्राच्या डिस्कवरून काढली’ यात कायद्याने फार मोठं अंतर आहे, ते ओलांडू नका. आणि ज्या मोजक्या लोकांनी या देशात बसून गेम बनवले, त्यांच्या वाट्याचे पैसे या कॉप्यांनीच खाल्ले याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वतःच्या डिस्कची प्रत काढणार असाल तर नीट काढा. पहिल्या प्लेस्टेशनच्या अनेक गेममध्ये संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर असतं. नुसती आयएसओ फाइल काढली तर गेम मुका होतो, म्हणून बिन आणि क्यू अशी जोडी काढायची. ‘रिज रेसर’ हा गेम तर पूर्ण मेमरीत शिरतो आणि मग डिस्कमधली गाणी वाजवतो. मध्येच झाकण उघडून अभंगांची सीडी ठेवली, तर गाडी अभंगावर पळते. माझ्या दुकानात पोरं हे बघून हरखून जातात. री-रायटेबल सीडी वापरू नका, ती किरण फार कमी परतवते आणि जुनी लेन्स तिच्यापुढे हात टेकते. पूर्वी मोझरबेअरच्या चांगल्या कोऱ्या सीडी कुठेही मिळायच्या. त्या कंपनीचं 2018 मध्ये दिवाळं वाजलं, आता हाताला लागेल तो माल घ्यावा लागतो. म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या घेऊन आपल्या यंत्राला कोणती मानवते ते पाहा. जितकं हळू तितकं चांगलं हेही अर्धसत्य आहे. 52 च्या वेगाची सीडी एकच्या वेगाने जाळली तर उलट खराब निघते, आठ ते सोळाच्या मध्ये राहा. वर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो.

जुन्या चिपवर भिस्त ठेवणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. 2000 सालचा ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’ आपण कॉपी आहोत हे स्वतः ओळखतो. आधी झोई नावाची परी इशारा देते, मग खेळ हळूहळू बिघडवत नेला जातो, जमवलेली अंडी गायब होतात. म्हणजे सुरू झाला म्हणून कॉपी पचली असं समजू नये.

प्लेस्टेशन 2 साठी 2008 पासून मेमरी कार्डावरून चालणारा फ्री मॅकबूट हा मार्ग आहे. त्यात बोर्डाला हात लागत नाही, म्हणून चिपपेक्षा मी तो बरा मानतो. मात्र अगदी शेवटच्या नव्वद हजारी क्रमांकाच्या यंत्रांवर तो चालत नाही, आणि नुसतं कार्ड घातल्याने परदेशी डिस्क चालू लागत नाही. यंत्राचा देशच बदलून टाकणारा एक प्रोग्रॅम 2021 पासून फिरतोय. त्यात काम अर्धवट राहिलं तर यंत्र कायमचं जाण्याची भीती असते. पावसाळ्यात नाशिकची वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा इन्व्हर्टरशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला विचाराल तर भारतात राहणाऱ्याने युरोप गटाचं यंत्र घ्यावं आणि त्याच गटाच्या मूळ डिस्क जमवाव्यात. वीज, टीव्ही, डिस्क तिन्ही एकदम जुळतात. मामाकडून अमेरिकी यंत्र आलंच, तर डिस्कही मामाकडूनच मागवा. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी खालच्या स्टिकरचा फोटो मागा, तो द्यायला टाळाटाळ केली तर सौदा सोडा. आणि तुमच्या माळ्यावर ‘हनुमान’, ‘देसी अड्डा’ किंवा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ची मूळ डिस्क असेल, तर ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. प्लेस्टेशन 2 चं उत्पादन 2013 च्या सुरुवातीलाच थांबलं, आणि या डिस्क आता पुन्हा कोणी छापणार नाही.