मानक ठरण्यापूर्वी खरेदी : एक विचार

‘थांबला तो संपला’ असे म्हणतात आणि ‘अति घाई संकटात नेई’ असेही म्हणतात. यंत्र विकत घेताना यांपैकी कोणते वचन मानावे? बिनतारी जाळ्याची, म्हणजे वायफायची, नवी साधने पुष्कळदा मानक कायम होण्यापूर्वीच दुकानात येतात. ती घ्यावीत की थांबावे? हा प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. ज्याच्या घरी वस्तू एकदाच घेतली जाते, त्याला तो अधिक छळतो.

मानक म्हणजे निरनिराळ्या कारखान्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून सर्वांनी मान्य केलेला नियम. खामगावात घेतलेला बल्ब मेहकरच्या होल्डरमध्ये बसतो, तो मानकामुळेच.

वायफायचे ‘८०२.११ एन’ हे मानक आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने सप्टेंबर २००९ मध्ये मंजूर केले. साधने मात्र त्याआधीच विकली जात होती. सुरुवातीची काही साधने दुसऱ्या कंपनीच्या साधनांशी नीट जुळत नसत. २००७ मध्ये दुसऱ्या मसुद्यावरून साधने तपासून प्रमाणपत्र देणे सुरू झाले. अंतिम मानक या तपासलेल्या साधनांशी जुळते राहिले. म्हणून ती घेणारे फसले नाहीत.

आपल्या मराठीचा अनुभव वेगळा आहे. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा प्रत्येक कंपनीने आपापल्या फॉन्टमध्ये अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच चिन्ह होई. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. पण सामान्य दुकानापर्यंत युनिकोड पोचायला बरीच वर्षे लागली. तोपर्यंत लोकांनी थांबायचे कसे? लग्नपत्रिका, वर्तमानपत्रे, पुस्तके निघतच राहिली.

याची झळ आमच्या घरालाही लागली. माझ्या चुलतभावाने २००४ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या तालुक्याच्या गावी टाइप करून घेतल्या. छापील कागद वाळवीने खाल्ले. गेल्या वर्षी सीडी उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा गुंता! फॉन्ट कोणता होता, हे कोणालाच आठवेना. आजी आता नाही. आईला येत होत्या तेवढ्या ओव्या मी पुन्हा लिहून काढल्या. बाकीच्या फाईलमध्ये आहेत, पण वाचता येत नाहीत.

या दोन उदाहरणांत फरक कोठे आहे? वायफायचे साधन निरुपयोगी झाले तर पैसे जातात; त्यातून गेलेले पत्र मात्र पोचलेले असते. फॉन्ट बदलला तर लिहिलेलेच जाते. म्हणून ‘मानक ठरले का?’ एवढेच विचारून भागत नाही. हे साधन उद्या बंद पडले तर माझे काय काय जाईल, हेही विचारले पाहिजे. केवळ पैसे जाणार असतील आणि आज खरी गरज असेल, तर तपासलेले साधन खुशाल घ्यावे. लेखन, हिशेब, छायाचित्रे अडकणार असतील, तर थांबावे. थांबणे शक्य नसेल तर त्यांची दुसरी प्रत सर्वमान्य स्वरूपात ठेवावी.

माझे वडील शाळा फारशी शिकलेले नाहीत. पण नवे बियाणे आले की ते आधी दोन तासंच पेरून पाहतात. बाकीच्या वावरात ओळखीचे बियाणे असते. नव्या यंत्राच्या बाबतीतही मला हाच मार्ग योग्य वाटतो.