जवान मुलाला घराचा आधार

मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे यांना ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना वीरमरण आले. ‘मुलाचा फोन आला नाही, की झोप लागत नाही,’ असे सांगणारे आई-वडील माझ्या दवाखान्यात येतात. त्यांना मी सांगतो, हिवाळ्यात राझदान खिंडीतील बर्फामुळे गुरेझचा रस्ता बंद होतो. अशा भागातून फोन न लागणे म्हणजे संकट नव्हे.

अति उंचावर प्राणवायू विरळ असल्याने झोप व भूक कमी होते. त्यात एकटेपणाची भर पडते. म्हणून फोनवर आधी त्याचे ऐकावे. घरातील आजारपण लपवू नये. मात्र चालू असलेले उपचारही सांगावेत. अर्धवट बातमीने घोर वाढतो. अधूनमधून पत्र लिहावे, ते पुन्हा वाचता येते. रजेवर आल्यावर त्याला झोपू द्यावे, चकमकीविषयी खोदून विचारू नये.

निद्रानाश, चिडचिड किंवा वाढलेले मद्यपान दोन आठवडे टिकल्यास त्याला युनिटच्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नये. हा आजार आहे, भित्रेपणा नव्हे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.