पाणी दिसते तेवढेच खोल असते का?

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी अकोले तालुक्यात भंडारदऱ्यापाशी विल्सन धरणाने अडविली आहे. १९२६ साली पूर्ण झालेली ही दगडी भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. भिंतीमागे पसरलेला आर्थर तलाव, रंधा धबधबा आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर पाहण्यासाठी येथे शाळांच्या सहली येतात. तलावाच्या काठी उभे राहिले की पाण्यात उतरण्याचा मोह होतो. पाणी नितळ असते, तळाचे दगड स्पष्ट दिसतात आणि खोलीचा अंदाज आपण डोळ्यांनीच करतो. हा अंदाज नेहमी कमीच का भरतो, ते पाहू.

तळावरील दगडापासून निघालेला प्रकाशकिरण पाण्यातून हवेत शिरताना स्तंभिकेपासून दूर वळतो. यालाच वक्रीभवन किंवा अपवर्तन म्हणतात. किरण सरळच आला असे आपला डोळा धरून चालतो. त्यामुळे दगड वर उचलल्यासारखा दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ आहे. म्हणून सरळ वरून पाहिल्यास,

भासमान खोली = खरी खोली × ३/४

समजा, पाणी १.२ मीटर खोल दिसते. दीड मीटर उंचीच्या मुलाला वाटेल, ‘खांद्यापर्यंतच तर आहे!’ पण खरी खोली १.२ × ४/३ = १.६ मीटर, म्हणजे डोक्याच्याही वर! काठावरून तिरपे पाहिले तर तळ याहूनही उथळ भासतो.

शिवाय धरणाचा तलाव म्हणजे पाण्याखाली गेलेली दरी. तिचा उतार एकाएकी तीव्र होऊ शकतो. पाण्याची पातळीही वर्षभर बदलते. उन्हाळ्यात जिथे घोट्याएवढे पाणी होते, तिथे पावसाळ्यानंतर पुरुषभर पाणी असू शकते. पाणी गढूळ असेल तर अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

मनुष्याच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. त्यामुळे शरीर तरंगले तरी त्याचा फार थोडा भाग पाण्याबाहेर राहतो. घाबरून हात वर केले की तेवढेच तोंड खाली जाते. येथे आर्किमिडीजचे तत्त्व मदतीला येते. ७ लिटर आकारमानाचे व अर्धा किलोग्रॅम वस्तुमानाचे लाइफ जॅकेट पूर्ण बुडाले, तर ते ७ किलोग्रॅम पाणी बाजूला सारते. म्हणजेच साडेसहा किलोग्रॅम वजन पेलण्याइतका जादा आधार मिळतो. तोंड पाण्याबाहेर राहण्यास तो पुरेसा होतो. म्हणून नावेत बसताना जॅकेट घालावे आणि त्याचे बंद नीट आवळावेत.

करून पाहा : वाटीत नाणे ठेवा. ते काठाआड जाऊन दिसेनासे होईपर्यंत मागे सरका. आता मित्राला वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा दिसू लागेल. शिक्षकांनी सहलीच्या आदल्या दिवशी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा.

विचार करा : गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय तोकडे का दिसतात?